टू-स्ट्रोक हातयंत्रांची देखभाल : ब्रश कटर आणि चेन सॉ वर्षभर चालते कसे ठेवावे

मालव्यात जूनच्या मध्यावर पाऊस येतो आणि पंधरवड्यात काळ्या मातीवर गवत गुडघ्याला लागते. दिवाळीनंतर कोपऱ्यात उभा करून ठेवलेला, फिरत्या पात्याने गवत कापणारा ब्रश कटर त्या सुमारास बाहेर निघतो, वीस-पंचवीस वेळा दोरी ओढली जाते, खांदा भरून येतो आणि शेवटी यंत्र रिक्षात घालून दुरुस्तीसाठी इंदूरच्या सियागंज बाजाराची वाट धरली जाते. इंदूरहून खंडव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिमरोलच्या अलीकडे आमची पेरूची लहानशी बाग आहे. तेथे एक ब्रश कटर आणि दातेरी साखळीने फांद्या कापणारी एक छोटी चेन सॉ अशी दोन यंत्रे गेली कित्येक वर्षे मी स्वतःच सांभाळतो. या काळात मला जे उमगले ते असे की, टू-स्ट्रोक यंत्राचे बहुतेक दुखणे पेट्रोल, हवा आणि धूर यांच्या वाटेत असते, आणि ती वाट साफ ठेवण्यासाठी एक प्लगपाना, एक स्क्रू-ड्रायव्हर, पितळी तारेचा ब्रश आणि सुई काढलेली इंजेक्शनची पिचकारी एवढे सामान पुरते. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या स्क्रूंना हात लावण्याची पाळी सर्वांत शेवटी यावी.

आपले यंत्र खरोखरच टू-स्ट्रोक आहे की नाही, हे आधी पाहून घ्यावे, कारण हल्ली तशाच दिसणारे फोर-स्ट्रोक ब्रश कटरही बाजारात मिळतात. इंजिनाला ऑइल भरण्याचे वेगळे तोंड आणि ऑइलची पातळी पाहण्याची काडी असेल, तर ते फोर-स्ट्रोक आहे आणि त्याच्या टाकीत निव्वळ पेट्रोल घालायचे असते. टू-स्ट्रोक इंजिनात ऑइलसाठी वेगळी जागाच नसते (चेन सॉवर दिसणारे दुसरे तोंड साखळीच्या ऑइलचे असते). पेट्रोल आणि ऑइल यांचे मिश्रण हवेसह आधी पिस्टनच्या खालच्या क्रँककेसमध्ये शिरते, तेथील बेअरिंगांवर ऑइलचा हात फिरवते, मग वर सिलिंडरमध्ये जाऊन जळते. म्हणजे ज्या डब्यातून इंधन येते, त्याच डब्यातून वंगणही येते. ऑइल घालायला विसरून नुसते पेट्रोल भरले, तर काही मिनिटांत पिस्टनवर उभे ओरखडे उठतात आणि तो सिलिंडरमध्ये जाम होतो. त्यानंतरचा खर्च नव्या यंत्राच्या किमतीच्या जवळ जातो.

पेट्रोल आणि ऑइल

मिश्रणाचे प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि पुष्कळदा टाकीच्या झाकणावरही छापलेले असते. नामांकित कंपन्यांच्या बऱ्याच यंत्रांना ५०:१ म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिलीलिटर ऑइल चालते, काहींना ४०:१ म्हणजे २५ मिलीलिटर लागते, आणि स्वस्त आयात यंत्रांवर पुष्कळ वेळा २५:१ म्हणजे ४० मिलीलिटर असे लिहिलेले आढळते. पुस्तिका सांगते ते प्रमाण आणि त्याच दर्जाचे ऑइल वापरावे. आमच्या पिढीने लूना आणि जुन्या स्कूटर चालवल्या असल्यामुळे पंपावरच्या टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकच्या, ऑइलचा अंदाज हातात बसलेला आहे, पण अंदाजाने बाटलीच्या झाकणाने ऑइल ओतण्याची ती सवय या यंत्रांच्या बाबतीत सोडून द्यावी. स्कूटरच्या मानाने ही इंजिने फार लहान असतात आणि मिनिटाला नऊ-दहा हजार फेऱ्या घेतात, त्यामुळे चुकीला वाव कमी असतो. ऑइल घेताना डब्यावर एपीआय टीसी किंवा जासो एफसी अथवा एफडी हा दर्जा लिहिलेला आहे का, ते पाहावे. बोटींच्या इंजिनांसाठीचे टीसी-डब्ल्यू-३ ऑइल पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांचे असते. हवेने थंड होणाऱ्या आपल्या यंत्रात ते घालू नये. कारचे इंजिन ऑइल तर मुळीच नको.

थोडे जास्त ऑइल पडले म्हणजे इंजिन अधिक सुरक्षित राहते, हा समज मला अनेकांकडे दिसला. जास्त ऑइल पडले की तेवढ्या मिश्रणात पेट्रोल कमी होते, ठिणगी पाडणारा प्लग काळा पडतो, सायलेन्सरमध्ये काजळी साचते आणि यंत्र गुदमरते. कमी ऑइलाइतके ते घातक नाही, एवढेच.

मिश्रण करण्याची माझी रीत अशी आहे. पाच लिटरचा धातूचा डबा घेऊन त्यात आधी निम्मे पेट्रोल ओततो, पिचकारीने मोजून ऑइल घालतो, झाकण घट्ट लावून डबा नीट हलवतो, मग उरलेले पेट्रोल ओतून पुन्हा हलवतो. ५०:१ साठी पाच लिटरला १०० मिलीलिटर ऑइल होते. डब्यावर कागदी पट्टी चिकटवून प्रमाण आणि तारीख लिहितो. टाकीत ओतण्यापूर्वी प्रत्येक वेळी डबा एकदा हलवतो आणि बारीक जाळीच्या चाळणीतून गाळून ओततो. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत मिश्रण ठेवू नये. ती बाटली पेट्रोलसाठी बनवलेली नसते आणि तहानलेल्या माणसाच्या हाती लागली तर अनर्थ होतो.

केलेले मिश्रण महिन्याभरात संपवावे. पूर्वी हा नियम थोडा सैल पाळला तरी चालून जाई, आता चालत नाही, आणि त्याचे कारण इथेनॉल आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशात फेब्रुवारी २०२३ पासून टप्प्याटप्प्याने पंपांवर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते सर्वसाधारण झाले. याउलट या हातयंत्रांच्या अनेक पुस्तिकांमध्ये १० टक्क्यांपेक्षा जास्त इथेनॉल असलेले पेट्रोल वापरू नये, असे लिहिलेले असते. इथेनॉलमुळे येथे तीन अडचणी उभ्या राहतात. जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधले पातळ पडदे त्याने फुगतात किंवा कडक होतात. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे कार्बोरेटरचे स्क्रू न हलवताही मिश्रण थोडे पातळ, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त असे होते व इंजिन अधिक तापते. तिसरी अडचण मला सर्वांत धोक्याची वाटते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते आणि पाण्याचे प्रमाण एका मर्यादेबाहेर गेले की पाणी व इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर होतो. ऑइल मात्र वरच्या पेट्रोलच्या थरात राहते. टाकीतला फिल्टर तळाशी पडलेला असल्यामुळे इंजिन नेमका तो बिनऑइलचा थर ओढते. आषाढ-श्रावणात अर्धा भरलेला डबा महिना-दोन महिने पडून राहिला असेल, तर त्यातले थोडे पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरावे. ते गढूळ दिसले किंवा तळाशी वेगळी रेघ दिसली, तर ते मिश्रण हलवून वापरण्याचा मोह धरू नये. गॅरेजमध्ये जेथे टाकाऊ ऑइल जमा करतात, तेथे ते द्यावे. गटारात किंवा मातीत ओतू नये.

हवेची वाट

मे महिन्यातली मालव्याची धूळ पिठासारखी असते आणि गवत कापताना त्यात वाळलेल्या काड्यांचा भुसा मिसळतो. ब्रश कटरचा एअर फिल्टर म्हणूनच मी दर आठ-दहा तासांच्या कामानंतर उघडतो आणि उन्हाळ्यात तर रोज. उघडण्यापूर्वी वरची धूळ ब्रशने झटकावी आणि कार्बोरेटरचे हवेचे तोंड झाकणारा चोक बंद करावा, म्हणजे झाकण काढताना कचरा थेट कार्बोरेटरच्या तोंडात पडत नाही. स्पंजचा फिल्टर साबणाच्या कोमट पाण्यात दाबून धुवावा, पिळू नये, कारण पिळल्याने तो फाटतो. सावलीत पूर्ण वाळल्यावर, पुस्तिकेत सांगितले असेल तरच त्यावर ऑइलचे चार थेंब टाकून तो मुठीत दाबावा आणि जास्तीचे ऑइल फडक्याने टिपून घ्यावे. कागदी किंवा नमद्याच्या फिल्टरला पाणी लावू नये. तो हलकेच आपटून झटकावा आणि मळ आत मुरला असेल तर बदलावा. फिल्टर काढून ठेवून “आजचा दिवस” यंत्र चालवणारे लोक मी पाहिले आहेत. ही धूळ आत गेली की सिलिंडरला पॉलिश पेपरसारखी घासते, आणि झालेली झीज भरून येत नाही.

हवेची दुसरी वाट इंजिन थंड करणारी असते आणि तिच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. दोरीच्या झाकणाच्या फटींतून इंजिनाबरोबर फिरणाऱ्या फ्लायव्हील या चाकाचा पंखा हवा ओढतो आणि सिलिंडरच्या पातळ पापुद्र्यांवरून सोडतो. हंगामाच्या मध्यावर वरचे झाकण उघडून पाहिले, तर त्या पापुद्र्यांच्या खाचांत हिरवा चोथा आणि ऑइल यांचा जणू गोधडीसारखा थर बसलेला सापडतो. तो लाकडी काडीने आणि ब्रशने काढावा. कॉम्प्रेसरची हवा मारायची असल्यास फ्लायव्हीलच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारावी.

प्लग

प्लग हा इंजिनाच्या आत डोकावण्याचा झरोका आहे. यंत्र पूर्ण थंड झाल्यावर प्लगवरची वायरची टोपी काढून प्लग खोलावा आणि त्याचे टोक पाहावे. बदामी किंवा फिक्या विटकरी रंगाचे कोरडे टोक असेल, तर आत सर्व ठीक आहे. काळे आणि ओलसर टोक म्हणजे ऑइल जास्त, फिल्टर तुंबलेला किंवा चोक अर्धवट अडकलेला. पांढरेफटक, भाजल्यासारखे टोक दिसले तर यंत्र तेथेच थांबवावे, कारण कोठून तरी जास्तीची हवा शिरते आहे किंवा पेट्रोल कमी पोहोचते आहे, आणि पिस्टन जाम होण्यापूर्वीची ही खूण असते.

टोकांमधले अंतर पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. या यंत्रांत ते साधारण ०.५ ते ०.७ मिलिमीटर असते आणि फट मोजण्याची फीलर गेजची पट्टी स्वस्तात मिळते. प्लग परत बसवताना आधी हाताने पूर्ण आटे फिरवावेत आणि मगच पाना लावावा. सिलिंडर अ‍ॅल्युमिनियमचा असतो; तिरका प्लग पान्याने रेटला, तर आटे जातात.

सायलेन्सरची जाळी

दोन वर्षांपूर्वी ऐन जुलैमध्ये माझा ब्रश कटर एका हट्टाला पेटला. तो सुरू होई, सावकाश फिरे, पण ट्रिगर दाबला की घोगरा आवाज काढून तेथेच अडकून बसे. ओळखीच्या एका मिस्त्रीने कार्बोरेटर बदलायला सांगितले आणि मी तो बदललाही, तरी काडीचा फरक पडला नाही. शेवटी चिडून मी सायलेन्सर उघडला. बाहेर जाण्याच्या तोंडाशी दोन स्क्रूंनी धरलेली, अंगठ्याच्या नखाएवढी तारेची जाळी होती. ती उजेडात धरली तर एकही भोक दिसेना. जुन्या लोखंडी तव्याच्या पाठीवर बसतो तसा काळा, कडक थर तिच्यावर चढला होता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातला हा प्रकार होता. जाळी रात्रभर रॉकेलमध्ये भिजवली, सकाळी पितळी ब्रशने घासली, भोके एकेक करून उघडी झाली, आणि दुपारी यंत्र पहिल्या दिवसासारखे गरजले.

ती जाळी ठिणग्या अडवण्यासाठी असते. वाळलेल्या गवतात काम करताना तिची खरी गरज पडते, म्हणून ती साफ करावी, पण काढून फेकू नये. ५० तासांच्या कामानंतर किंवा हंगामातून एकदा ती पाहावी. सायलेन्सर उघडलाच असेल, तर सिलिंडरचे धूर बाहेर टाकणारे छिद्रही पाहून घ्यावे. दोरी सावकाश ओढून पिस्टन वर आणावा, म्हणजे त्याच्या अंगाने ते छिद्र झाकले जाते, आणि मग कडेची काजळी लाकडी पट्टीने खरवडावी. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर वापरला तर पिस्टनवर ओरखडा उठतो. काम झाल्यावर भुकटी फडक्याने टिपून घ्यावी.

नळ्या, फिल्टर आणि टाकीचा श्वास

टाकीत नळीच्या टोकाला लहान वजनदार फिल्टर असतो. वाकवलेल्या तारेच्या आकड्याने तो तोंडातून बाहेर ओढता येतो. तो काळा किंवा कडक झाला असेल तर धुण्यात वेळ घालवू नये. किंमत नगण्य असते, वर्षातून एकदा बदलावा. त्याच वेळी नळी बोटांनी दाबून पाहावी. ताठर झालेली, चिरलेली किंवा चिकट लागणारी नळी हवा आत घेते. पेट्रोल खेचण्यासाठी दाबायचा पारदर्शक फुगा कडक झाला असेल, तर तोही सोबतच बदलावा.

यंत्र दहा मिनिटे छान चालून बंद पडत असेल आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होत असेल, तर बंद पडण्याच्या बेतात असताना यंत्र थांबवून, जरा निवू देऊन टाकीचे झाकण अर्धा आटा सैल करावे. हवा शोषल्याचा हलका आवाज आला आणि त्यानंतर यंत्र नीट चालले, तर टाकीला हवा घेण्याचे बारीक छिद्र तुंबले आहे. पेट्रोल गेले तेवढी हवा आत आली नाही, की टाकी जणू श्वास कोंडून धरते आणि पेट्रोल सोडत नाही. हे छिद्र कोठे झाकणात असते, तर कोठे टाकीवरच्या वेगळ्या बारीक नळीत.

कार्बोरेटर

वरचे सर्व पाहून झाल्यावरच कार्बोरेटरकडे वळावे. त्यावर साधारणपणे तीन स्क्रू असतात : संथ गतीचे मिश्रण, जोराच्या गतीचे मिश्रण आणि नुसती संथ गती. तिसरा स्क्रू घरी फिरवायला हरकत नाही. ट्रिगर सोडल्यावर ब्रश कटरचे पाते किंवा चेन सॉची साखळी पूर्ण थांबली पाहिजे. फिरत राहिली तर हा स्क्रू थोडा सैल करावा. तरीही थांबत नसेल, तर इंजिनाची गती पात्याला किंवा साखळीला पोचवणाऱ्या क्लचची स्प्रिंग तुटलेली असू शकते आणि तशा अवस्थेत यंत्र वापरू नये.

जोराच्या गतीचा स्क्रू मात्र कानाच्या अंदाजाने आत फिरवू नये. तो आत घेतला की आवाज टोकदार होतो, यंत्राला जोर चढल्यासारखा वाटतो आणि मालक खूष होतो. प्रत्यक्षात पेट्रोल कमी झालेले असते आणि त्याबरोबर ऑइलही. त्या यंत्राचे पुढचे दिवस मोजकेच असतात. फेऱ्या मोजण्याचे मीटर असलेल्या कारागिराकडेच हे काम द्यावे. कार्बोरेटरमधले पडदे कडक झाले असतील, तर त्यांचा संच वेगळा मिळतो आणि संपूर्ण कार्बोरेटर बदलण्याची गरज पडत नाही. संच घेताना जुना कार्बोरेटर बरोबर न्यावा, कारण दिसायला सारख्या पडद्यांची भोके वेगळी निघतात.

पाते आणि साखळीची बाजू

पात्याला किंवा साखळीला हात लावण्यापूर्वी प्लगची टोपी काढून बाजूला करावी. ब्रश कटरच्या दांड्याच्या टोकाला, पात्याच्या लगेच वर, तिरक्या दातांच्या चाकांची लहान पेटी असते. तिच्या बाजूचा स्क्रू खोलून दर २५ तासांनी ग्रीस पाहावे. लिथियमचे ग्रीस भरताना पाते हाताने सावकाश फिरवत राहावे, हातात जाड मोजे घालावेत, आणि पेटी गच्च भरू नये. दोन तृतीयांश पुरे. गच्च भरलेली पेटी तापते आणि ग्रीस सीलमधून बाहेर येते. पात्याला तडा दिसला तर ते वेल्डिंग करून वापरू नये.

चेन सॉच्या साखळीला वेगळे ऑइल लागते आणि ते इंधन संपेपर्यंत पुरावे आणि तेव्हा थोडेच उरावे, अशी पंपाची रचना असते. इंधन संपले आणि साखळीचे ऑइल निम्मे उरले, तर ऑइलचे छिद्र भुशाने बुजले आहे, असे समजावे. साखळी इतकी ताणावी की ती जिच्यावर फिरते त्या पट्टीच्या खालच्या कडेला चिकटून राहील आणि तरी हाताने ओढता येईल. लाकडाचा भुसा पिठासारखा बारीक पडू लागला की दात बोथट झाले. लहान सॉच्या साखळीला बहुधा ४ मिलिमीटरची गोल कानस लागते, प्रत्येक दाताला आतून बाहेर, एकाच दिशेने आणि सारख्याच वेळा. पट्टी अधूनमधून उलटी बसवावी, म्हणजे तिच्या दोन्ही कडा सारख्या झिजतात.

ठेवून देताना

महिन्याहून अधिक काळ यंत्र वापरायचे नसेल, तर टाकी पूर्ण रिकामी करावी. नंतर यंत्र सुरू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत संथ गतीने चालू द्यावे, म्हणजे कार्बोरेटरमधले पेट्रोलही संपते. हे मोकळ्या हवेत करावे. थंड झाल्यावर प्लग काढून त्या भोकातून चहाच्या चमच्याभर टू-टी ऑइल सोडावे आणि दोरी दोन-तीनदा सावकाश ओढून ते सिलिंडरभर पसरू द्यावे. या वेळी तोंड भोकाच्या समोर आणू नये, कारण आतले ऑइल उसळते. मग प्लग हाताने बसवून घट्ट करावा, टोपी सैल सोडावी, आणि दोरी हळूहळू ओढत जाऊन जेथे हाताला जोराचा अटकाव लागतो तेथे थांबावे. तेथे पिस्टन वर आलेला असतो, सायलेन्सरकडचे छिद्र त्याच्या अंगाने झाकलेले राहते आणि सादळलेली हवा सिलिंडरमध्ये शिरत नाही.